आप्पांच्या पाठीतला पखवाज

अहो,

उसळ झाकून ठेवलीय, भात तेवढा लावा. खाली फियाट दिसली नाही तर घाबरू नका, मी आप्पांना घेऊन दिंडोशीला जातेय.

तुम्हाला न विचारता आज गाडीतला कंपनीचा खरखरणारा रेडिओ काढला आणि कॅसेट प्लेअर बसवून घेतला. मोठे स्पीकर मागच्या सीटमागे आहेत. आप्पा मागेच बसले होते. भजनाची कॅसेट लावली, तसे एकदम ताठ झाले. गिरणीतल्या खडखडाटात कान गेल्यापासून ज्यांनी पखवाजाला हात लावला नव्हता, ते ओरडले, "गो सुलक्षणा, माज्या पाठीत पखवाज वाजता!" आणि मांडीवर ठेका धरला. एक मात्रा चुकली नाही हो!

आता धाकूकाकांकडे जायचा हट्ट धरलाय. ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या भजनाला जायचं सोडलं होतं ना, तेच. मी चिठ्ठीपुरती वर आलेय, तर खाली हॉर्नवर हॉर्न चाललाय. शेजारी खिडक्यांत आलेत.

रेडिओवरून रागवायचं ते उद्या रागवा. आज तुमचे वडील पुन्हा वाजवतायत.

सुलक्षणा