न जळालेली मोटार

मी, शालिग्राम तोताराम भंगाळे, वय एकाहत्तर, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग नव्याने भरणे, राहणार रावेर, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांची पदवी दवाखान्याच्या भिंतीवर आहे. ती मी चष्मा लावून वाचली.

१. राहतं घर पत्नी बेबाबाई हिला. तिच्यापुढे कोणीही कागद ठेवला, अगदी पोटच्या पोरानेही, तरी तो वाचून घेतल्याशिवाय तिने सही करू नये.

२. मुलगा हितेंद्र इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. पदवी खरी आहे, कॉलेजात जाऊन मी चौकशी केली. माझ्या दुकानातला कारागीर छगन पारोळ्याचा, दहावी नापास. तेही खरंच निघालं. माझ्यामागे दुकानात फक्त पदवीधर ठेवायचे असं हितेंद्रने ठरवलंय. जाहिरातही तयार आहे. म्हणजे माझं तेरावं झालं की छगन घरी.

३. पदवीवर माझा विश्वास नाही आणि पदवी नसण्यावरही नाही. कामाला येईल त्याच्यापुढे मी एक धडधाकट मोटार ठेवतो आणि म्हणतो, "जळाली, बघ." बहुतेकांना बिघाड सापडतो. पदवीवाल्यांना तो इंग्रजीत सापडतो, एवढाच फरक. छगनलाही सापडला. पण दुसऱ्या सकाळी तो दारात उभा. "भाऊ, काल मी खोटं बोलनू. मोटार बठ्ठी चांगली शे. माले काम पाहिजे व्हतं." मी त्याला ठेवून घेतलं. तरी तांब्याच्या तारेचं वजन अजून मीच करतो.

४. पदवी मिळाल्यावर हितेंद्रपुढेही तीच मोटार ठेवली. त्याने मीटर लावला. मोटार चांगली असल्याचं मीटरवर दिसत होतं; त्याने पाहिलं आणि मीही पाहिलं. "भाऊ, वाइंडिंग गेलंय, सगळं नवीन भरावं लागेल," तो म्हणाला. काहीच बिघडलेलं नाही असं म्हणायला पदवीची लाज वाटली असावी, असा माझा संशय आहे. मला फार वाईट वाटलं. सबब दुकान, वाइंडिंगचं मशीन आणि सर्व हत्यारं छगनला देतो.

५. हितेंद्र माझा एकुलता एक आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. मोटार चांगली होती, असं तो आपणहून येऊन सांगेल त्या दिवशी हे मृत्युपत्र मी फाडीन आणि दुसरं करीन. त्यात दुकान दोघांचं असेल. साक्षीदारांनी त्याच्या कानावर काही घालू नये. शिकवून पाठवलेला माणूस मला ओळखू येतो. मी अजून जिवंत आहे. त्याने यावं.

ठिकाण: रावेर
दिनांक: ९ जानेवारी २०२५
(सही) शालिग्राम तोताराम भंगाळे

आमच्यासमोर सही केली:
१. नवल सीताराम महाजन, केळी बागायतदार
२. उखर्डू शामराव पाटील, निवृत्त शिक्षक