एक लाख एकातला वरचा एक

सिंगापूर, १३ ऑगस्ट २००६

मित्रवर्य प्रबोध यास पद्माकरचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतोस की अजून नुसत्याच त्याला शिव्या घालतोस? मी इथे बुकित तिमाहला लेकीकडे, क्षिप्राकडे, खुशाल आहे. प्रकृती उत्तम, प्रतिष्ठा मात्र अंथरुणाला खिळली आहे. तू मिरजेच्या शाळेत जन्मभर जे गणित शिकवलंस, त्यानेच घात केला.

झालं असं. इथल्या आपल्या मंडळाने गणपतीसाठी एक लाख एक नावांचा लिखित जप करायचं ठरवलं. समितीत दहा जण. पाच तांजोंग पगारच्या बँकांतले जुने मुरलेले, पाच आयटीतले, एम्प्लॉयमेंट पासवर म्हणजे नोकरीच्या परवान्यावर नवे आलेले. प्रत्येकी दहा हजार नावं, हिशेब सरळ. पण वरचं एक कोणी लिहायचं? ते शेवटचं, म्हणजे मानाचं! (लिहिणाऱ्याच्या हाती पहिल्या आरतीचं ताट.) बँकेतला दिलीप म्हणाला, "आम्ही मंडळ काढलं तेव्हा तुम्ही हाफ पँटीत होता." आयटीतला संजीव म्हणाला, "म्हणूनच म्हणतो काका, आता बसा जरा." आठवड्यात दोन वेगळ्या गणपतींची भाषा सुरू झाली.

दुहीने बुडालेली राज्यं मी पुस्तकांतून पुष्कळ पाहिली आहेत. डोळ्यांदेखत मंडळ बुडत असताना गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. कॉन्डोच्या हॉलमध्ये सभा भरली, मी उभा राहिलो आणि गरजलो, "पूर्वजांनी शंभरावर एक का ठेवला? शंभराचे तुकडे पडतात, एकशे एकाचे कुणाच्या बापाला पाडता येत नाहीत! तसाच हा एक लाख एक! अविभाज्य! जो भागून दाखवील, त्याचं मी आजन्म ऐकेन!" (आदल्या दिवशी मी दोन, तीन, पाच आणि सातानं भागून पाहिलं होतं. सातापाशी जेवायची हाक आली.) टाळ्या कडाडल्या. त्या ओसरतात तोच आमची नात इरा, वय वर्षं दहा, पहिल्या रांगेतून म्हणाली, "आजोबा, राँग लाह. इलेव्हनने जातो." (हे 'लाह' म्हणजे इथल्या पोरांचं 'बरं का'.)

भराभर मोबाइल निघाले. अकरा जणांना प्रत्येकी नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य. दिलीप आणि संजीव महिन्याभरात प्रथमच एकमेकांकडे बघून हसले, आणि तेही मला. वरचं एक उरतच नाही म्हटल्यावर भांडणार कशावर? ताट इराच्या हाती द्यायचं ठरलं, गणपती एकच राहिला. फक्त अकरावा माणूस हवा होता. इराने बोट केलं ते माझ्याकडे. आजन्म ऐकेन म्हणालो होतो ना!

चाळीस वर्षं व्यासपीठं हादरवणारा हा हात आता वही पुढ्यात घेऊन बसला आहे. पहिलं नाव निम्मं होतं न होतं तोच बोटं संपावर गेली.

तुझा,
पद्माकर

ता. क. नाव कोणाच्या हातचं आहे हे देव बघत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुझं अक्षर मोत्यासारखं. माझ्या वाट्यातली निम्मी नावं लिहून तातडीने पाठव.

ता. क. २. इरा खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, नऊ हजार एक्क्याण्णव ही संख्या मात्र खरोखरच अविभाज्य आहे, तिचे सारखे वाटे कुणालाच करता येत नाहीत. सत्यापुढे मान तुकवणं हा माझा बाणा आहे. तेव्हा निम्मी नकोत. नऊ हजार नव्वद तू लिही. मानाचं एक मी लिहितो.