टेकलेला हात

बेलफोर्ड कॉलेज,
सोमवार, २९ ऑगस्ट १९७७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. खसखशीच्या सारणाचे गोड कोलाचे पहिल्याच संध्याकाळी संपले, सुक्या आलुबुखाराचे तीन तेवढे उरलेत. माझ्या खोलीत राहणारा व्हर्न म्हणतो, तुझी आई वर्षभर असंच पाठवणार असेल तर मी लग्न करायचा विचार सोडून देतो.

बातमी अशी, की अमेरिकन फुटबॉलच्या संघात मी आता खेळणाऱ्यांत आलो. फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पुढची फळी पाच जणांची असते आणि तिच्यात मी सातवा होतो. म्हणजे यंदाचं वर्ष बाकावर बसून काढायचं होतं. पण गुरुवारी सरावात जेराल्ड मॉसचा गुडघा गेला. तो चौथ्या वर्षाचा, डावा गार्ड, फळीतला सगळ्यांत जाणता. शनिवारी दुसऱ्या एकाचा घोटा गेला. आता जेराल्डच्या जागी मी. पाचांतले तिघे पहिल्या वर्षाचे आहोत. उजव्या टोकाचा डेल्बर्ट तर परवापर्यंत बँडमध्ये ट्यूबा वाजवत होता. तो अवाढव्य पितळी भोंगा एका हातात धरून त्याला जिना चढताना कोच ब्रँटनी पाहिलं आणि तिथेच त्याला पकडलं. कोच म्हणाले, माझ्याकडे माणसं पाच आहेत, सहाव्या जागी आता देवानंच उभं राहावं.

आमच्या मागे व्हर्न उभा राहतो. चेंडू फेकणं त्याचं काम. अंगानं केरसुणीच्या दांड्याएवढा. त्याच्यापर्यंत कुणी पोचू नये, एवढंच आम्ही पाहायचं.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
लॅडी

*

होलुब,
रविवार, ४ सप्टेंबर

चि. लॅडीस,
अ. उ. आ. प्रभू येशू आणि मारियामाता तुला राखोत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आज चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी मोजणीत चुकले ते त्यामुळेच. दर रविवारी फादर झेमानना माणसांचा आकडा मी देते, हे तुला ठाऊक आहे. आज एकशे बारा सांगितले आणि मागाहून आठवलं, की मधल्या रांगेतल्या कुबातांच्या घरची आठ माणसं राहूनच गेली.

आता मला नीट सांग. चेंडूला तू हात लावत नाहीस, हे कळलं. पण मग करतोस काय? तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, बाई, हे तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. मग जेवताना स्वतःच शिकवायला बसले. ताटलीत उकडलेल्या पिठाची पाच गोल क्नेडलिकं ओळीनं मांडली, मागे काकडीचं लोणचं, तो व्हर्न. समोरून कोबी अंगावर येतो म्हणाले. बरं, म्हटलं, मग डाव्या बाजूचं दुसरं क्नेडलिक कुठं गेलं? तर बोलता बोलता त्यांनी ते खाऊन टाकलं होतं. ते तू होतास रे! त्यानंतर मात्र त्यांनाही शिकवता येईना.

आणखी एक विचारते. पाचांपैकी चौघांनी काम चोख केलं आणि एक चुकला, तर व्हर्न पडतोच का? तसं असेल तर हे वेदीवरच्या मेणबत्त्यांसारखं नाही, एक विझली तरी चार जळतात असं नाही. हे माझ्या पोळीच्या कडेसारखं झालं. एका ठिकाणी फाटली, की सारण तिथूनच बाहेर.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आईचे प्रश्न वाचून हसू नकोस. आपल्या घरातून कॉलेजात गेलेला तू पहिला. तिथलं मला काही विचारता येत नाही, निदान हे तरी विचारते.

पार्सलची दोरी जपून ठेव, कापू नकोस. आशीर्वाद तर आहेतच, ते वेळच्या वेळी घेत जा.

तुझी आई,
आडेला कुचेरा

*

बेलफोर्ड,
सोमवार, १९ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

एक चुकला तर व्हर्न पडतोच का, असं तू विचारलंस. पडतो. आणि चुकणारा एक तो मी आहे.

दोन्ही सामने हरलो. परवाच्या सामन्यात व्हर्न नऊ वेळा पडला, त्यांतल्या सहा वेळा माझ्या बाजूनं आलेल्या माणसांमुळे. आता त्याला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नाही. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावून देतो. तो चेष्टा करतो, म्हणतो, लॅडी, भांगही पाड. मला त्याच्याकडे बघवत नाही.

आई, मी दुबळा नाही. सरावात मी जागचा हलत नाही. पण सामन्यात समोरच्याला सगळं माझ्या आधी कळतं. आम्ही चेंडू घेऊन पळणार की व्हर्न फेकणार, हे त्याला देवानं कानात सांगितल्यासारखं कळतं. कोच म्हणतात, तुझे पाय मंद आहेत. डेल्बर्ट म्हणतो, मंद तर मीही आहे. विचारायचं कुणाला? जाणते होते ते दोघे कुबड्यांवर. मॉस त्याच्या खोलीत पडून असतो. त्याची जागा घेतलेल्यानं कुठल्या तोंडानं त्याच्याकडे जावं?

मी ठरवल्यासारखंच आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येईन तो ट्रंक घेऊनच. धान्याच्या कोठारावर बाबांच्या हाताखाली मला काम मिळेल. माझ्यामुळे कुणाचा तरी हात कायमचा जाण्यापेक्षा ते बरं.

शनिवारी सामना इथेच आहे, पण तुम्ही येऊ नका.

तुझा,
लॅडी

*

होलुब,
रविवार, २५ सप्टेंबर

चि. लॅडीस,
अ. उ. आ.

येऊ नका म्हणालास, आणि आम्ही आलो. पहिल्याच रांगेत बसलो होतो. तू वर पाहिलं नाहीस हे बरंच झालं, कारण तुझ्या बाबांनी डोक्यावर लाल टोपी चढवली होती आणि त्या टोपीपायी मला अधूनमधून खाली मान घालून बसावं लागत होतं.

व्हर्नला मी पाहिलं. पडल्यावर तो आधी डावा कोपर टेकून उठतो. त्याच्यासाठी काल नऊ दिवसांची प्रार्थना धरली आहे.

आता जे लिहिते, ते शांतपणे वाच. तुझे बाबा म्हणतात लिहू नकोस, पोराला चारचौघांत लाज आणशील. पण पाहिलेलं मनात दडवून ठेवलं तर मला झोप यायची नाही.

फादर झेमान पक्षी पाहायला दुर्बीण वापरतात, ती मी मागून नेली होती. तुझे बाबा आणि बाकीचे सगळे चेंडू बघत होते. चेंडू कुठं जातो ते मला समजत नाही, म्हणून मी फक्त तुझ्याकडे बघत बसले. खेळ सुरू होण्याआधी तुम्ही वाकून एक हात जमिनीला टेकवता आणि दगडासारखे थांबता. तेवढ्या वेळात मला बघण्यासारखा तुझा हातच होता. तीसेक वर्षं मी पीठ मळते आहे, लॅडी. हातावर अंगाचं वजन पडलं की पेरं पांढरी होतात, बोटं खाली रुततात. नुसतं चाचपून बघायचं असेल तर बोटं गुलाबी राहतात. तुझा हात कधी असा होता, कधी तसा. मला वाटलं, हे का?

मोजायची खोड मला आहेच. प्रार्थनापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जड हाताला रेघ आणि हलक्या हाताला गोळा काढत गेले, आणि पुढे काय झालं ते शेजारी लिहीत गेले. आज मिस्सेनंतर बेरीज केली. जड हात एकतीस वेळा. त्यांतल्या तीस वेळा तुम्ही चेंडू घेऊन पळालात. हलका हात सतरा वेळा. सतराच्या सतरा वेळा व्हर्ननं फेकला.

मग मी दुर्बीण तुझ्या समोरच्यावर धरली. चौसष्ट नंबरचा, जाड मानेचा. तो तुझ्या तोंडाकडे बघतच नव्हता रे. तो तुझा हात बघायचा आणि मागच्यांसाठी मांडीवर थाप मारायचा. एक थाप की पळणार, दोन थापा की फेकणार. त्याच्या कानात देव काही सांगत नव्हता. सांगत होतास तू.

तुझे पाय मंद आहेत की नाहीत ते मला कळत नाही. मला वाटतं, तुला पुढे काय करायचं आहे ते तुझ्या अंगाला आधीच ठाऊक असतं, आणि ते धीर धरत नाही. लहानपणी पापकबुलीच्या रांगेत तू अजून सहावा असायचास आणि चेहरा आधीच रडका असायचा.

फुगलेल्या पिठाला आपण बोट लावतो, खळगा पडू नये इतपत. पुढे धावायचं असो वा व्हर्नसाठी जागीच थांबायचं असो, हात दरवेळी तेवढाच टेकव. हे फुटबॉलात चालतं का, मला माहीत नाही. चालत नसेल तर पत्र फाडून टाक, पण त्याआधी त्या मॉसला दाखव. जाणता माणूस खाटेवर पडला म्हणून त्याचे डोळे गेले नाहीत. त्याच्यासाठी वेगळा डबा पाठवते आहे, म्हणजे रिकाम्या हातानं जायला नको.

माझं चुकलं असेल तर रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी आई

*

बेलफोर्ड,
सोमवार, ३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, आधी रागच आला. पत्र चुरगळून खिशात कोंबलं. मनात आलं, आता आईनंही माझ्या चुका मोजायच्या? मग डब्याचं काय करायचं हा प्रश्न पडला. डब्यावर तू मॉसचं नाव लिहिलं होतंस, तेव्हा जाणं भाग होतं.

तो पत्र वाचत असताना मी दारातच उभा. वाचून झाल्यावर म्हणाला, वाक. खोलीतच वाकलो. पळण्याचा डाव आहे म्हणाला, मग फेकण्याचा आहे म्हणाला, असं दहा वेळा. मग उशीत तोंड घालून इतका हसला, की त्याचा गुडघा दुखायला लागला. म्हणाला, पहिल्या वर्षी माझंही हेच होत होतं, तेव्हा शेजारी खेळणाऱ्या डाव्या टॅकलनं मला लाथ मारून सांगितलं होतं. तुला लाथ मारायला शेजारी कुणी मोठा उरलाच नाही, म्हणून तुझ्या आईला चार तास गाडीतून यावं लागलं.

त्यानंतर त्यानं डबा उघडला आणि एक कोलाचा जमिनीवर ठेवला. म्हणाला, यावर हात टेकव, सारण बाहेर आलं तर तू हरलास. पहिले चार चिरडले. पाचवा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोचना सांगून फळीतल्या पाचही जणांना खोलीत बोलावलं आणि सगळ्यांना कोलाच्यांवर वाकवलं. डेल्बर्टनं एकही चिरडला नाही, पण दोन खाल्ले आणि वर म्हणाला, हाताखालून आपोआप गेले. आई, रागावू नकोस, चिरडलेलेही आम्ही खाल्ले. एक कणसुद्धा टाकला नाही.

गेल्या शनिवारी सामना नव्हता. आता येत्या शनिवारचा, आठ तारखेचा. कोच म्हणाले, या वेळीही तुझ्या बाजूनं भगदाड पडलं तर मी तुला बाहेर काढीन. मॉसनं विचारलं, आणि आत कुणाला घालाल? मला काढायलाही माणूस नाही, अशी आमची अवस्था.

व्हर्नला हात आता कानापर्यंत नेता येतो. त्याचा आडोसा म्हणून उभं राहायची लायकी माझ्यात आहे की नाही, हे मला स्वतःला कळत नाही. तू ये. दुर्बीण आण. माझा हात बघ आणि जे दिसेल ते खरं सांग. ट्रंकेचं त्यानंतर ठरवीन.

तुझा,
लॅडी

*

होलुब,
रविवार, ९ ऑक्टोबर

चि. लॅडीस,
अ. उ. आ. देवाचे उपकार मानून लिहायला बसले आहे.

तुम्ही तीन गुणांनी हरलात, त्याचं तुझ्या बाबांना फार लागलं. परतीच्या वाटेवर पाऊण तास ते बोलले नाहीत, आणि त्यानंतर बोलायचे थांबले नाहीत. मला मात्र हरल्यासारखं वाटलंच नाही. का ते सांगते.

या वेळी कागदावर आधीच दोन रकाने आखून नेले होते, जड आणि हलका. तू वाकलास. मी दुर्बीण लावली. जड म्हणावा तर पेरं पांढरी नाहीत, हलका म्हणावा तर हात अधांतरी नाही. पहिल्या वेळी वाटलं, काच पुसायला हवी. पुसली. दुसऱ्या वेळी तसंच. दहाव्यांदा मी नुसते अंदाज बांधायला लागले, पळणार, फेकणार, आणि निम्मे अंदाज चुकले. पुढे पेन्सिल पर्समध्ये टाकली. दोन्ही रकाने कोरे राहिले. इतका कोरा कागद मी आजवर कधी घरी आणला नव्हता. तो प्रार्थनापुस्तकात ठेवला आहे.

तुझ्या समोरच्या एक्काहत्तर नंबरवाल्यालाही कुणीतरी सांगून पाठवलेलं असणार. सुरुवातीला तो हातच बघत होता. बघायचा, मान तिरकी करायचा, पुन्हा बघायचा. तिसऱ्या डावानंतर त्यानं मागच्याकडे वळून खांदे उडवले. त्याची दयाच आली मला. बाजारातून चुकीचा पत्ता घेऊन आलेल्या माणसासारखा दिसत होता.

व्हर्न दोनदा पडला. दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही वेळा दोन्ही हात टेकून उठला.

सामना संपल्यावर तू कुंपणापाशी आलास. तोंडाला माती, कपाळाला घाम. मला वाटलं, आता ट्रंकेचं काढशील. बाबाही टोपी हातात घेऊन उभे राहिले होते. आणि तू एवढंच म्हणालास, की आई, इथे नोव्हेंबरात फार गारठतं, माझा जाड कोट पाठव. बाबा लगेच दुसरीकडे बघायला लागले. धूळ गेली म्हणाले. काल वारा कुठं होता?

कोट ब्रश करून, खिशात एक जपमाळ ठेवून सोबत पाठवते आहे. जुन्या पार्सलची दोरी तू परत आणली नव्हतीस, म्हणून ही नवी आहे. हिला तरी सोडव, कापू नकोस.

मॉसला सांग, त्याच्या गुडघ्यासाठीही नऊ दिवस धरले आहेत. तुझ्यावरचा लोभ मला वाढवता येण्यासारखा उरलेला नाही, तू तुझा तेवढा वाढव.

तुझी आई

ता. क. कागद कोरा राहिल्यामुळे दुर्बीण इकडे तिकडे फिरवायला वेळ मिळाला. तुमचा तो डेल्बर्ट, व्हर्न फेकणार असला की आधी ओठांवरून जीभ फिरवतो. चौदा वेळा मोजलं, चौदाही वेळा. ट्यूबा वाजवायची सवय असेल बिचाऱ्याची. त्याला तू काही बोलू नकोस, बुजेल. त्याच्या आईचा पत्ता तेवढा कळव.