फळ्यावरची पहिली ओळ

सोमवार, ३ तारीख
झाले! कटिंग विभागाची प्रमुख — मी! बुटांचे तळवे कापणारी अकरा माणसं, आणि त्यांच्यावर मी. पहिल्याच दिवशी भिंतीवर फळा ठोकला : 'आज माझं काय चुकलं?' ज्याचं चुकेल त्याने स्वतः लिहायचं. आमचे सगळ्यात जुने कारागीर, मामा, म्हणाले, "बाई, शाळा उघडली का?" हसोत बापडे!

आणखी एक. मामा एक तळवा डावा कापतात, साचा उलटवतात, मग उजवा. किती वेळ जातो! म्हटलं, सकाळच्या पाळीत सगळे डावे, दुपारी सगळे उजवे. साचा मधल्या सुट्टीत मी स्वतः उलटवीन.

मंगळवार, ४
फळा कोरा! एकही चूक नाही!! नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्याने जांभई दिली.

बुधवार, ५
आजही कोरा! मधल्या सुट्टीत साहेबांनी बैठकीला बोलावलं, सगळ्यांदेखत कौतुक केलं. हवेतच घरी आले.
घरात बाबांनी तिसरा ग्लास फोडला. "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" — जरा जोरातच ओरडले. बाबा काचा गोळा करत बसले, एक तुकडा तरीही राहिलाच. माझ्या पायात गेला.

गुरुवार, ६
मेले! कालचे आठशे तळवे — सगळे डावे! खालून नक्षी असते, उलटवून चालत नाहीत. सकाळी मशीनवर मामा, दुपारी नवी बाई होती, तिला काय कळणार? साचा उलटवायचा होता मी. मी बैठकीत हारतुरे घेत होते.
साहेब म्हणाले, "मामा विसरले असणार. वय झालं. सोमवारपासून गोदामात पाठवा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझी दातखीळ बसली. जेवण गेलं नाही. लाज वाटते स्वतःची.

शुक्रवार, ७
लिहिलं! सकाळी सगळ्यांसमोर : 'साचा मी उलटवला नाही. मामांवर आळ आला, तेव्हा गप्प बसले.' मग तीच दोन वाक्यं साहेबांना जाऊन सांगितली. शिव्या खाल्ल्या, पोटभर! पण मामा मशीनवरच राहणार!!
आणि गंमत — दुपारी मामांनी खडू उचलला : 'बाईंची युक्ती चुकणार हे मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. बोललो नाही.' संध्याकाळपर्यंत फळा भरला! कोरा होता तेव्हा चुका नव्हत्या थोड्याच, हिंमत नव्हती. कुणाची? आधी माझीच.

शनिवार, ८
स्वयंपाकघरातही फळा! नवरा : "आता घरातही पाळ्या लावणार का?" आणि लगेच त्याने लिहिलंही — 'गॅसचा नंबर लावायला विसरलो.' मी लिहिलं, 'दूध उतू घालवलं.' बाबा खुर्चीतून बघत होते. खडू त्यांच्या हातात दिला. "उद्या," म्हणाले. मी हसले.

रविवार, ९
सकाळी उठले तर फळ्यावर बाबांचं अक्षर. ओळी एकमेकींवर चढलेल्या.
'दोन महिने झाले, एका डोळ्याने दिसत नाही. तुझ्या मागे आधीच कामं. सांगितलं नाही. चुकलं.'
ग्लास. तीन ग्लास.
खाली लिहिलं : 'मी ओरडले. विचारलं नाही.' खडू ठेवला आणि बाबांना उठवायला गेले.