अष्टपैलू सून आणि मामेसासऱ्यांचा चष्मा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, तेव्हा सध्या आठांपैकी सातच अंगांचा गोड मानून घ्यावा. गुडघ्याचं कारण पुढे येईलच आणि त्यात तुझा हात आहे.) इकडे आम्ही सगळे मजेत. वहिनींची कंबर कशी आहे? तुझा रक्तदाब खाली आला का? आला नसेल तर गोळी घे, पाणी पी आणि मगच पुढे वाच. पत्र अशासाठी की तू माझा फोन उचलत नाहीस. प्रत्येक वेळी वहिनी उचलतात आणि सांगतात, संघ जाहीर होईपर्यंत ते बहिणीशी बोलणार नाहीत. त्या हे सांगत असताना मागे तू खोकत असतोस. तुझा खोकला मला ओळखू येत नाही होय? लहानपणी अभ्यासाच्या नावाखाली झोपायचास आणि बाबांची चाहूल लागली की असाच खोकायचास.

तर मुद्द्याचं बोलते. माझी सून राष्ट्रीय संघात असायला हवी. झालं, बोलले! आता निवड समितीचा ज्येष्ठ सदस्य म्हणून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडू देत. हे मी सासू म्हणून म्हणत नाहीये. सासू म्हणून माझ्याकडे तक्रारींचा ढीग आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर माझ्या कपाटापेक्षा उंच एक बॅग आली. मला वाटलं, हौशी मुलगी आहे, साड्या असतील. उघडून पाहिलं तर पॅड, हेल्मेट आणि चिखल. तिच्या आईने सांगितलं होतं की पोरगी सगळं करते. आम्हाला वाटलं, घरातलं! (आता घरातलं सगळं तुझा भाचा करतो आणि माझ्यापेक्षा बरं करतो, ही गोष्ट वेगळी.) चेंडू मांडीवर घासून घासून तिच्या पांढऱ्या पँटींवर जे लाल डाग पडलेत, ते काढता काढता माझी नखं गेली. तरी मी म्हणते, ती संघात हवी. सख्खी सासू सुनेचं कौतुक करते म्हणजे त्या सुनेत काहीतरी असणारच, एवढं तरी निवड समितीने समजून घ्यायला नको का?

आमचं चष्म्याचं दुकान तुला माहीत आहेच. बोळासारखं लांबट. पुढे काउंटर, मग फ्रेमांच्या फळ्या, मग डोळे तपासायची खुर्ची, आणि पार शेवटी भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गेल्या महिन्यात मैदानावर नवीन गवत लावायला घेतलं, म्हणून सराव बंद. सूनबाई घरात पिंजऱ्यातल्या वाघिणीसारख्या येरझाऱ्या घालायला लागल्या. मीच म्हटलं, दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, तिथे झेल पकड, मी टाकते चेंडू. पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखी हाताने टाकले. तिसऱ्या दिवशी मला उत्साह आला आणि मी तिची बॅट घेतली. (तुला आठवत असेल, लहानपणी तुम्ही मला कधी बॅटिंग दिली नाहीत, नेहमी गटाराजवळ उभं केलंत. त्याची सगळी भरपाई त्या एका फटक्यात झाली.) खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांत औषध घालून मीच त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. चेंडू निघाला तो थेट त्यांच्या टकलाच्या दिशेने. सूनबाई काउंटरच्या बाजूने आडवी झेपावली, टकलाच्या वीतभर अलीकडे डाव्या हाताने झेल घेतला, आणि तिच्या पायाचा धक्का लागून फळीवरून जी फ्रेम खाली यायला निघाली होती, ती उजव्या हातात! सर डोळे मिटूनच म्हणाले, ‘वारा सुटला वाटतं.’ मी म्हटलं, हो सर, पंखा जरा वाढवला.

मग सांग, अशी पोरगी कुठे मिळेल? पण आपल्याकडे पिकतं तिथे विकत नाही. समोरचे घड्याळवाले (तेच, जे स्वतःचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात आणि जगाला उशिरा आलात म्हणतात) रोज दुकानाच्या पायरीवर येऊन मला डिवचतात. त्यांचं म्हणणं असं की अष्टपैलू म्हणजे धड फलंदाज नाही आणि धड गोलंदाजही नाही, संघात एक तर पक्का फलंदाज घ्यावा, नाहीतर पक्का गोलंदाज. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्यांना चहा न विचारता परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर सुचलं. त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि विचारलं, ही खालची काच कशाला? वाचायला. वरची? रस्ता बघायला. मग दोन वेगळे चष्मे का नाही घेतलेत? तर म्हणतात, सारखी काढघाल कोण करणार! म्हटलं, हेच ते. धावा हव्यात तेव्हा एकीला आत बोलवा, विकेट हव्यात तेव्हा तिला बाहेर काढून दुसरीला आणा, असं क्रिकेटमध्ये चालत नाही. दादा, तुझ्याही नाकावर गेली कित्येक वर्षं अष्टपैलूच बसलाय. मीच बसवलाय.

निदान परवापर्यंत बसला होता. आता गुडघ्याकडे येते.

परवाच्या निवड सामन्याला मी गेले होते. (आता मला क्रिकेट कळतं. पहिल्यांदा गेले होते तेव्हा षटक संपल्यावर सगळ्या इकडून तिकडे निघाल्या, तर सामना संपला म्हणून मी डबा आवरायला घेतला होता. ते दिवस गेले.) दुकानातली विकायची दुर्बीण गळ्यात अडकवली होती. काय खेळली रे पोरगी! वरच्या बायका पत्त्याच्या बंगल्यासारख्या कोसळल्या, ही सातव्या नंबरवर आली आणि शेपटाला हाताशी धरून धावसंख्या वर ओढून नेली. मग डावखुरी फिरकी. चेंडू पडायचा एकीकडे, जायचा भलतीकडे, आणि समोरची बाई आपण कुठे राहतो हे विसरल्यासारखी बघत राहायची. चार बळी! आणि शेवटी तो धावबाद. पार सीमारेषेवरून, धावता धावता, एकच स्टंप दिसत असताना, थेट! सगळं मैदान उभं राहिलं. मी ‘माझी सून, माझी सून’ म्हणून ओरडत शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. आणि मग दुर्बीण आपोआप निवड समितीच्या मंडपाकडे वळली.

तूही उभा होतास. टाळ्याही वाजवत होतास. पण मैदानाकडे पाठ करून, पाण्याची गाडी ढकलणाऱ्या माणसाकडे बघून. तो बिचारा लाजून चूर झाला होता. मी दुर्बीण नीट केली. तुझ्या नाकावर मरून रंगाची, कोपऱ्यात दोन सोनेरी टिकल्या असलेली फ्रेम! दादा, ती वहिनींची आहे. सुईत दोरा ओवायला म्हणून मीच त्यांना करून दिली. त्या काचेतून मांडीवरचा कागद उत्तम दिसतो. सीमारेषा दिसायची म्हटली तर ती तुझ्या मांडीवर आणून ठेवायला हवी. सामनाभर तू हा असा बसला होतास! म्हणजे तुझा स्वतःचा चष्मा तू पुन्हा बुडाखाली घेतलास, हे कळायला मला ज्योतिषी लागत नाही.

मला राहवेना. तुला सांगावं म्हणून तशीच पायऱ्या उतरत धावले, दुर्बीण पायात आली आणि शेवटच्या पायरीवरून थेट तुझ्या मंडपापुढे लोटांगण. तू वाकलास. माझ्याकडे बघून गोड हसलास आणि म्हणालास, ‘काकू, जरा सांभाळून.’

काकू!

आधी वाटलं, तू निःपक्षपातीपणाचं नाटक करतोयस. मग पाहिलं, तुझ्या चेहऱ्यावर ओळखीचा मागमूस नव्हता. स्वतःच्या पाठच्या बहिणीला, अवघ्या दोन-तीन हातांवरून, चार माणसांदेखत काकू म्हणालास, आणि त्याच डोळ्यांनी तू देशाचा संघ निवडायला बसलायस! माझ्या गुडघ्यावर बर्फ धरायला सूनबाईच धावत आली. कुठे पळत होतात म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, बाथरूमला. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुझं मत छापून आलं की नवोदित अष्टपैलू खेळाडूच्या क्षेत्ररक्षणात विशेष काही दिसलं नाही. दिसलं नाही हे अगदी खरं, त्याबद्दल तुझ्यावर खोटेपणाचा आळ मी कधीच घेणार नाही.

पण त्याच्याखालचं वाक्य वाचून मी पेपर खाली ठेवला. एकच जागा उरली आहे आणि नात्यातल्या खेळाडूच्या बाजूने आपण तोंड उघडणार नाही, असं तू म्हणालास. बाकीचे सदस्य तुझ्या तोंडाकडे बघून मत देतात हे तुलाही ठाऊक आहे. म्हणजे तू गप्प बसलास की पोरीचं नाव बुडालंच. तुझा प्रामाणिकपणा मला माहीत आहे. (शाळेत वर्गप्रमुख असताना बडबड केली म्हणून फळ्यावर माझं नाव लिहिणारा तूच.) पण मामेसासरा समितीत आहे, एवढ्यासाठी एखादीचा खेळ वजा करणं हा कुठला न्याय? हासुद्धा वशिलाच की, फक्त उलटा.

गेल्या वर्षी संघात तिचं नाव आलं नाही तेव्हा ती रडली नाही. दुकानात येऊन बसली आणि एक काच पुसायला लागली. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं झाली तरी तीच काच. शेवटी मी हातातून काढून घेतली तर म्हणाली, ‘आई, डागच जात नाहीये.’ काचेवर डाग नव्हता रे. काचा बघण्यात जन्म गेला माझा, असता तर मला दिसला असता. तेव्हापासून मी क्रिकेट शिकले. या वर्षी तिला तसं बसलेलं मला बघवणार नाही.

असो. फार लिहिलं. पत्राची वाच्यता करू नकोस. सूनबाईने मला बजावलंय की मामांना एक शब्द जरी बोललात तर मी खेळणं सोडीन. म्हणून बोलत नाहीये, लिहितेय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो गुरुवारच्या शेवटच्या निवड सामन्यापर्यंत टिकवावा.

तुझी धाकटी बहीण,
चिमी

ता. क. पार्सलमध्ये तुझा नवा चष्मा आहे. ही लाच नव्हे, उपचार आहे. तुझा नंबर मला तोंडपाठ आहे, डावा डोळा उजव्यापेक्षा आळशी. काचा तुझ्या भाच्याने रात्रंदिवस घासल्या. गुरुवारी हा घालून ये, मैदानाकडे तोंड करून बस आणि तिला एकदा, एकदाच, नीट बघ. बघून वाटलं की नको, तर खुशाल नको म्हण. मी ब्र काढणार नाही. न बघता नको म्हणालास तर मात्र बघच.

ता. क. २. नात्याच्या अडचणीवर मी विचार केला. तू मला काकू म्हणालास त्याला चार साक्षीदार आहेत, त्यातले दोन समितीचेच. तेव्हा आजपासून आपलं भावाबहिणीचं नातं संपलं असं मी जाहीर करते. मी तुझी कोणी नाही, तुझा भाचा तुझा कोणी नाही, आणि त्याची बायको तर तुझी मुळीच कोणी नाही. आता नात्यातली खेळाडूच उरली नाही, तर तोंड उघडायला काय हरकत आहे? वरची सही खोडली आहे असं समजावं.

ता. क. ३. तिची निवड झाल्यास नातं त्याच क्षणी पूर्ववत सुरू होईल. न झाल्यास, काकू म्हणून कधीमधी आठवण ठेवावी.

आपली नम्र,
एक अनोळखी चष्मेवाली

ता. क. ४. दादा, बसण्याआधी खुर्चीवर हात फिरवून बघत जा रे. आणि गोळी घेतलीस ना? (हे कुठल्याही चष्मेवालीने विचारलं असतं.)