बिनपंखाची

१९ जून

"आढळला नाही." आमच्या पतंगाबद्दल सरांच्या अहवालात हे दोनच शब्द. खाली सही!

आढळणार कसा? सरांनी रात्री उतारावर पांढरी चादर टांगली, दिवा लावला आणि खुर्ची टाकून वाट बघत बसले. या जातीचा नर भर उन्हात उडतो. अंधार पडला की दगडाला चिकटून बसतो. मादी तर उडतच नाही. पंखांच्या जागी नुसते खुंट. म्हणजे जे दिव्याकडे कधीच येत नाहीत, त्यांना दिव्यापाशी बसून शोधलं!

मी तसं म्हटलं. सर म्हणाले, "पद्धत ठरलेली असते. तू अजून नवीन आहेस."

तीन वर्षं झाली मला या संशोधन केंद्रात.

२० जून

नव्या रोपवेचा पहिला खांब त्याच उतारावर उभा राहणार, आमच्या खिडकीतून दिसतो तिथे. दगड फोडायचे म्हणजे पतंगाचं घरच फोडायचं. ही जात दुसऱ्या कुठल्या उतारावर सापडलेली नाही. पण "आढळला नाही" असं कागदावर आलं की रोपवेवाले मोकळे. बदल्यात ते केंद्राला नवी इमारत बांधून देणार. सरांना निवृत्तीआधी कोनशिलेवर नाव हवंय, असं सगळे म्हणतात. मी काही म्हणत नाही. इथे लिहिते.

२४ जून

माझ्याकडे त्या उतारावरचा एक कोष आहे. अळी दगडाखाली सापडली होती — काळी, पाठीवर पिवळट केसांचे झुबके. इतक्या उंचावरचा उन्हाळा इतका तोकडा की तिला एका उन्हाळ्यात वाढ पुरी करता येत नाही. मधला हिवाळा बर्फाखाली गोठून काढते आणि पुन्हा खायला लागते. मी तिला तो हिवाळा प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये दिला. लोक तिथे आपले जेवणाचे डबे ठेवायचे. त्यावरून माझी दोघांशी बोलाचाल बंद आहे. असू दे.

पुढच्या आठवड्यात बैठक. रोपवेचा इंजिनिअर येणार, सर अहवाल वाचणार, विषय संपणार. कोषातून काही निघालं तरच मला बोलायला तोंड आहे.

२७ जून

मादी निघाली!

बघणाऱ्याला हा पतंग वाटणारच नाही. करड्या लोकरीची छोटी गुंडाळी, पोट अंड्यांनी टम्म. तोंड असून नसल्यासारखं — ती काही खात नाही. कोषावर बसून राहते आणि अंगचा गंध सोडते. आपल्याला येत नाही, नराला लांबून येतो. मीलन झालं की त्याच कोषावर अंडी घालते, पोटावरचे केस काढून ती झाकते आणि तिथेच मरते.

घरी जेवताना हे सांगितलं. वहिनी दादाला म्हणाली, "पंख नाहीत, तोंड नाही, घर सोडत नाही — अहो, पत्रिका मागवा हिची, लहान भावोजींसाठी!" दादाला ठसका लागला. मी हसले नाही. नंतर भांडी विसळताना हसले, पण वहिनीला दिसू दिलं नाही.

दुपारी सरांना दाखवली होती. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. "काय सुंदर आहे!" मग भिंग खाली ठेवलं. "बैठकीत हा विषय काढू नकोस."

"काढणार, सर."

२९ जून

सकाळी मादीचा डबा उघडला. कोष आहे, मादी नाही.

सर म्हणाले, "पंख नसले तरी पाय आहेत ना तिला? गेली असेल चालत."

"सर, ती कोष सोडत नाही."

"मग मावशींनी झाडून टाकली असेल."

केर काढणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या! "मी? त्या डब्यांना? एकदा नुसता फडका लावला तर या पोरीने केवढा आरडाओरडा केला होता! तेव्हापासून त्या टेबलाकडे बघतसुद्धा नाही मी."

खरं आहे. केला होता.

डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं. चालत गेलेली मादी जाताना झाकण लावून गेली का? एवढी मोठी पदवी आणि खोटंसुद्धा धड बोलता येत नाही! वर आळ कुणावर, तर मावशींवर!

 

३० जून

सरांनीच मारली असणार. अंडी पोटातच.

१ जुलै

बैठक झाली. लख्ख ऊन होतं, खिडक्या उघड्या. सरांनी अहवाल वाचला, "आढळला नाही"पर्यंत आले, आणि एक नर आत आला. विटकरी पंख, पिसासारख्या मिशा. मागोमाग आणखी दोन. माझ्याकडे नाही, टेबलावरच्या फुलांकडे नाही — तिघेही थेट सरांच्या कोटाच्या खिशावर!

इंजिनिअर म्हणाला, "साहेब, अत्तर कुठलं लावता?"

सरांनी खिशात हात घातला आणि काडेपेटी काढून माझ्यासमोर ठेवली. झाकणाला टाचणीने भोकं पाडलेली. मी उघडली. जिवंत होती.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याच्याने मारवली नाही गं."