सत्तावीस मिनिटांची शांतता

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखर घातलाय, गुडघा अजून दुखतोय.) तब्येत कशी आहे? बीपीची गोळी घेतली नसशील तर आधी घे, मग पुढे वाच.

माझ्या तिसरीच्या वर्गाचं तुला ठाऊक आहेच. आपापलं वाचा म्हटलं की चौथ्या मिनिटाला एकाला तहान, दुसऱ्याला शू. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, की सोमवारी त्या घड्याळ घेऊन येणार, वीस मिनिटं मुलं वाचताना दिसली नाहीत तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार. म्हटलं, पुस्तकंच बदलू. घरून गोष्टींचा खोका उचलला, वर्गात ठेवला, हवं ते घ्या म्हणाले आणि वह्या तपासायला बसले (इथेच माझी अक्कल चरायला गेली). पाच मिनिटं झाली, दहा झाली, चूं की चां नाही. मुलं वाचत होती, आपसात बदलून पुन्हा वाचत होती. सत्तावीस मिनिटं! माझे तर डोळेच भरून आले.

मग पहिल्या बाकावरच्या चिमुरडीनं हात वर केला. "बाई, रेडिओ सुनेनंच भंगारात दिला, हे आजीला कळलं का हो?"

ताई, मी धावत जाऊन तिच्या हातातला कागद ओढला. खोका चुकला होता. आत तुझी पत्रं होती, दोन वर्षांची, दर आठवड्याची. सासूबाईंचा रेडिओ तू विकलास, चोरावर ढकललंस, त्या चार दिवस जेवल्या नाहीत, सगळं बावीस मुलांनी वाचलं. तुझं अक्षर मोत्यासारखं, तिथंच घात झाला. मी वेडीच आहे, मला हवं तेवढं बोल.

तुझीच,
धाकटी

ता.क. पत्रं कपाटात कोंडल्यापासून मुलं पुन्हा चार मिनिटांवर आलीत. शेवटच्या पत्रात तू 'उद्या खरं सांगते' म्हणाली होतीस. सांगितलंस का? सोमवारच्या आत लिही, नाहीतर वर्ग गेला.

ता.क. दुसरा: मुलांना धीर धरवला नाही. त्यांनी पाकिटामागचा तुझा पत्ता लक्षात ठेवून सासूबाईंनाच लिहिलं, 'आजी, चोर नव्हता. सुनेला रागावू नका, ती प्रत्येक पत्रात रडते.' मी ते फाडणारच होते. पण ताई, अख्ख्या पत्रात एकही चूक नव्हती. मीच तिकीट लावून पेटीत टाकलं. ते परवा पोहोचेल, हे कुरिअरनं उद्याच मिळेल, तेव्हा त्याआधी तूच सांगून टाक.